हेडफोनची वायर काढली की फोनमधला रेडिओ मुका का होतो?

कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीत जो तो आयर्विन पुलाकडं डोळे लावून बसतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शहराच्या मोठ्या भागात वीज नव्हती, फोनची रेंज येत-जात होती, आणि पाणी वाढतंय की ओसरतंय हे गच्चीवरून अंदाजानेच ठरवावं लागत होतं. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. फोनमध्ये रेडिओ आहे, पण बटण दाबलं की ‘आधी हेडसेट जोडा’ अशी पाटी येते. हेडफोन कधीच तुटून गेलेला असतो. मग हा रेडिओ असून काय उपयोग?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं तर घरात पडून असलेल्या जुन्या सामानातूनच बहुतेकांचं काम भागतं. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

सरकारलाही या रेडिओची आठवण झाली होती. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मोबाइल कंपन्यांच्या संघटनांना एक सूचनापत्र पाठवलं. ज्या फोनमध्ये एफएम रेडिओची सोय आहे तिथं ती बंद करून ठेवू नका, आणि जिथं नाही तिथं ती द्या, असा त्याचा आशय होता. कारणं दोन दिली होती. गरीब माणसाला फुकट मिळणारं माहितीचं साधन, आणि पूर-वादळ-भूकंपात सगळं ठप्प झाल्यावरही चालणारं साधन. सूचनापत्र म्हणजे सक्ती नव्हे, त्यामुळं आजही अनेक फोनमध्ये रेडिओ सापडत नाही. ज्यांत आहे त्यांतल्या बहुतेकांत वायर लागते.

वायर नक्की करते काय?

रेडिओ केंद्रातून लहरी निघतात. त्या हवेतून आपल्यापर्यंत येतात आणि वाटेत एखादी धातूची तार आली तर तिच्यात अगदी क्षीण वीज खेळवतात. ही तार म्हणजे अँटेना. आपल्याकडची जुनी माणसं एरियल म्हणतात. तारेतल्या त्या क्षीण विजेतून आवाज वेगळा काढायचं काम फोनमधली चिप करते. चिप कितीही हुशार असली तरी तारेत काही आलंच नाही तर तिला काढायलाही काही उरत नाही.

हेडफोनच्या वायरीत आवाज वाहून नेणाऱ्या बारीक तारा असतात, आणि त्यांची एक सामाईक परतीची तार असते. फोन बनवणाऱ्यांनी त्या परतीच्या तारेला दुसरंही काम लावलं. आवाज कानाकडं जातो, त्याच वेळी तीच तार हवेतली लहर पकडून उलट दिशेनं फोनमध्ये आणते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, कारण आवाजाची कंपनं सेकंदाला काही हजार असतात आणि एफएमची सुमारे दहा कोटी. एवढा फरक असला की साध्या सुट्या भागांनी त्यांना वेगळं ठेवता येतं.

म्हणजे हेडफोन लावा असं फोन म्हणतो तेव्हा त्याला तुमचे कान नको असतात. त्याला ती मीटर-सव्वा मीटर वायर हवी असते.

टॉवरची रेंज वायरशिवाय येते, मग रेडिओचंच काय अडलंय?

ही शंका सगळ्यात जास्त वेळा येते आणि तिच्यातच सगळी गोम आहे. कॉल येतो, नेट चालतं, वायफाय लागतं, ब्लूटूथ जोडलं जातं. यातल्या कशालाच बाहेर तार लोंबत नाही. मग?

फरक लहरीच्या लांबीत आहे. समुद्राची लाट जशी एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत मोजता येते तशीच रेडिओची लहरही मोजता येते. तिला तरंगलांबी म्हणतात. सेकंदाला किती लहरी निघतात तो आकडा मेगाहर्ट्झमध्ये सांगतात, एक मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख. सगळ्या रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर या एकाच वेगानं धावतात, म्हणून सेकंदाला जितक्या जास्त लहरी, तितकी प्रत्येक लहर आखूड.

आता आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. आकाशवाणी सातारा १०३.१ मेगाहर्ट्झवर लागतं. हिशेब केला तर तिथल्या एका लहरीची लांबी भरते सुमारे २.९ मीटर, म्हणजे खोलीच्या भिंतीएवढी. अँटेना चांगली चालायची तर ती लहरीच्या निदान चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते. २.९ मीटरचा चौथा हिस्सा म्हणजे ७३ सेंटिमीटर. तुमचा फोन उभा धरला तरी १५-१६ सेंटिमीटरच्या पुढं जात नाही.

याउलट वायफाय आणि ब्लूटूथ चालतं २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथं लहर साडेबारा सेंटिमीटरची आणि तिचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटर, बोटाच्या दीड पेरांएवढा. फोर-जीच्या ८५० मेगाहर्ट्झवाल्या लहरीचा चौथा हिस्साही नऊ सेंटिमीटरच्या आतच येतो. या सगळ्या अँटेना फोनच्या कडेला सहज मावतात. एफएमची मावत नाही. शिवाय कॉल आणि नेटसाठीचा टॉवर गावात, फार तर शेजारच्या गावात असतो. रेडिओचं केंद्र कधीकधी तीस-चाळीस किलोमीटरवर.

आखूड अँटेनेवर काहीच येत नाही का?

येतं, पण कमी. महाबळेश्वरच्या जुलैच्या पावसात अंगणात नुसती वाटी ठेवली तरी ती बघता बघता भरते. तीच वाटी दुष्काळी म्हसवडला ठेवली तर तळ ओला होईल न होईल; तिथं अंगणभर पत्रा पसरून पन्हळीखाली पिंप लावावं लागतं. अँटेना हे आपलं भांडं आणि केंद्रातून येणारी लहर हा पाऊस. केंद्राच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्याचा फोन अगदी आखूड तारेवरही गाऊ लागतो. वीस-पंचवीस किलोमीटरवर तोच फोन नुसता खरखरतो.

यामुळंच इंटरनेटवर एक गोंधळ माजलेला दिसतो. एक जण छातीठोक सांगतो की माझ्या फोनवर हेडफोनशिवाय रेडिओ लागला, दुसरा म्हणतो माझ्याकडं अमुक करूनही काही झालं नाही. दोघंही खरंच बोलत असतात. दोघं वेगवेगळ्या जागी उभे आहेत, एवढंच.

घरातल्या ट्रान्झिस्टरला कुठं वायर होती?

होती, दिसत नव्हती. ट्रान्झिस्टरवर आपण जास्त करून ऐकायचो ती मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह. आकाशवाणी सांगली पिढ्यान् पिढ्या १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे १.२५१ मेगाहर्ट्झवर, ऐकलं गेलं ते त्याच पट्ट्यावर. तिथली एक लहर जवळपास २४० मीटरची. तिचा चौथा हिस्सा साठ मीटर. एवढी तार घरात कोण बांधणार? म्हणून ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळपट, खडूसारखी कांडी असायची आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ती कांडी फेराइट नावाच्या पदार्थाची. लहरीतला चुंबकी भाग ती आपल्यात गोळा करते, त्यामुळं लांबीची उणीव काही अंशी भरून निघते. रेडिओ आडवा फिरवला की आवाज कमी-जास्त व्हायचा तो या कांडीमुळं.

एफएम आल्यावर ट्रान्झिस्टरला वर खेचायची दांडी आली. ती पूर्ण उघडली की साधारण ५०-७० सेंटिमीटर भरते. वरचा हिशेब आठवा, उगाच नाही तेवढी ठेवली.

याच ओघात एक महत्त्वाची गोष्ट. फोनमधल्या रेडिओवर मध्यम लहर लागत नाही. त्याची चिप आपल्याकडं फक्त ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा ऐकते. त्यामुळं सांगलीतलं एखादं वडीलधारं माणूस फोनवर १२५१ शोधत बसलं असेल तर त्यांना आधीच सांगा, वायर बदलून तो लागायचा नाही. फोनच्या आतली इतकी सगळी इलेक्ट्रॉनिक्स मध्यम लहरीच्या पट्ट्यात सतत कुरकुर करते, आणि फेराइटच्या कांडीला जागाही नाही, म्हणून फोनवाले त्या वाटेला गेलेच नाहीत. मध्यम लहरीसाठी साधा ट्रान्झिस्टर हवा.

वायर लावायची, पण कानात घालायची नाही

आता कामाचं. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात ऐकलेला संवाद सांगतो. एक मावशी विचारत होत्या, “दादा, ह्यो रेडिओ कानात घातल्याशिवाय बोलतच न्हाई का वो?” दुकानदारानं काउंटरखालून एक निकामी हेडफोन काढला, फोनला लावला, आणि म्हणाला, “मावशी, कानात कशाला घालताय? वायर लावा अन् हे स्पीकरचं चिन्ह दाबा.” रेडिओ मोठ्यानं बोलायला लागला. मावशींनी तो निकामी हेडफोन मागून घेतला.

बहुतेक फोनच्या रेडिओ अॅपमध्ये हे स्पीकरचं चिन्ह असतं, कधी समोर, कधी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या आत. ते दाबलं की आवाज फोनच्या स्पीकरमधून येतो आणि वायर फक्त अँटेना म्हणून राहते. स्वयंपाक करताना, गोठ्यात, दुकानात सगळ्यांनी मिळून ऐकायचं तर हाच मार्ग सगळ्यात बरा. पैसे लागत नाहीत आणि फोनला धोका नाही.

हेडफोन चांगलाच हवा असंही नाही. एका कानाचा आवाज गेलेला, कानातलं बोंड तुटलेला, मायक्रोफोन बिघडलेला, कसाही चालतो, परतीची तार आतून शाबूत असली की झालं. स्पीकरला फोन जोडायची दोन्हीकडं पिन असलेली ऑक्स केबलही बऱ्याच फोनवर चालते.

जुन्या हेडफोनची बोंडं कापून नुसती वायर ठेवायची असेल तर थोडं सांभाळून. पिन नीट पाहिली तर तिच्यावर काळ्या रेघा दिसतील. तीन रेघा असतील तर धातूचे चार तुकडे झाले: टोक डाव्या कानाचं, दुसरा तुकडा उजव्या कानाचा, मग परतीची तार आणि मायक्रोफोन. वायर कापल्यावर आतल्या तारांची उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर फोनला वाटतं की हेडफोनवरचं बटण कुणीतरी दाबून धरलंय. मग रेडिओ मध्येच थांबतो, नाहीतर गाणी आपोआप सुरू होतात. म्हणून प्रत्येक तार वेगळी करून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. काही फोन अशी कापलेली वायर ओळखतच नाहीत. त्यांना न कापलेला जुना हेडफोनच द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि हे मी कळकळीनं सांगतो. फोनच्या भोकात टाचणी, यू-पिन, उघडी तांब्याची तार घालायची नाही. व्हिडिओंमध्ये हा प्रकार सर्रास दाखवतात. हेडफोनच्या गोल भोकातल्या पट्ट्या नाजूक असतात, वाकल्या की फोनला कायम हेडफोन लावलेलाच आहे असं वाटत राहतं आणि कॉलचा आवाजही स्पीकरवर येईनासा होतो. टाइप-सीच्या भोकात तर चार्जिंगची वीज असते. तिथं धातू खुपसणं म्हणजे फोन गमावणं.

वायर लावूनही खरखर येत असेल तर आधी ती पूर्ण उलगडा. फोनभोवती गुंडाळलेली वायर अर्धी वाया जाते. खिडकीपाशी जा, वायर उभी, आडवी, तिरकी अशी धरून बघा. चार्जर काढा, कारण स्वस्त चार्जर आणि काही एलईडी दिवे याच पट्ट्यात गोंगाट करतात. अॅपमध्ये स्टिरिओ आणि मोनो अशी निवड असेल तर मोनो घ्या. दोन कानांना वेगवेगळा आवाज द्यायला लहर बरीच जोमदार लागते. मोनो केलं की क्षीण लहरीवरही बोलणं स्पष्ट कळतं. पुराची बातमी ऐकायला स्टिरिओची गरज नाही.

ब्लूटूथचा हेडफोन चालेल का? आणि टाइप-सीवाल्या फोनचं काय?

ब्लूटूथनं अँटेना मिळत नाही, कारण मुळात तारच नाही. वायर लावून रेडिओ सुरू केल्यावर काही फोन आवाज ब्लूटूथकडं पाठवू देतात, काही तेही देत नाहीत.

टाइप-सीचं थोडं अवघड आहे. गोल भोक काढून टाकलेल्या फोनपैकी काहींमध्ये रेडिओची चिप असते आणि टाइप-सीच्या हेडफोनची वायर अँटेना म्हणून जोडलेली असते. काहींमध्ये हा दुवाच ठेवलेला नसतो, मग कसलाही हेडफोन लावा, पाटी हटत नाही. फोन विकत घेण्याआधी दुकानातच रेडिओ लावून बघणं हाच खात्रीचा उपाय. माहितीपत्रकात ‘एफएम रेडिओ’ असं लिहिलेलं असलं तरी कोणत्या वायरीवर चालतो ते त्यात क्वचित असतं.

‘हेडफोनशिवाय एफएम’ म्हणणारी अॅप

अशी अॅप ढिगानं मिळतात. त्यांतली जवळजवळ सगळी इंटरनेटवरून केंद्राचा आवाज आणून ऐकवतात. म्हणजे तो रेडिओ नव्हे, नेटवर गाणी ऐकण्याचाच प्रकार. त्यात वाईट काही नाही; आकाशवाणीचं स्वतःचं अॅपही असंच चालतं, आणि पुण्यात किंवा दुबईत बसून आपल्या गावचं केंद्र ऐकायला ते उत्तम आहे. पण त्याला डेटा लागतो. सेकंदाला ६४ किलोबिट हा साधारण दर धरला तर तासाला सुमारे २९ एमबी. आणि टॉवर बंद पडला की तेही बंद.

ओळखायची खूण सोपी. फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा. आवाज थांबला तर ते एफएम नव्हतं.

काही अॅप मात्र ‘नेटही नको, वायरही नको’ असं सांगतात. अॅप म्हणजे सूचनांचा संच. त्यानं फोनमध्ये ७३ सेंटिमीटरची तार उगवत नाही, आणि चिप नसेल तर चिपही येत नाही. फार तर हेडफोन लावलाय की नाही ही फोनची तपासणी ते ओलांडू शकतं, तेही मोजक्या फोनवर. मग मनोऱ्याच्या अगदी जवळ असाल तर काहीतरी ऐकू येईल. त्यासाठी संपर्क क्रमांक, ठिकाण, फोटो यांची परवानगी मागणारं अॅप फोनमध्ये घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेडिओला तुमच्या फोटोंशी काय देणंघेणं?

मग कीपॅडच्या फोनवर कसं लागतं?

शेतावर, एसटी स्टँडवर, रसवंतीगृहात कीपॅडचा फोन वायरीशिवाय मोठ्यानं गाताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या खोक्यावर ‘वायरलेस एफएम’ असं छापलेलं असतं. तिथं निर्मात्यानं अँटेना खरोखरच आत बसवलेली असते. मागचं झाकण आणि बॅटरी काढून आतलं प्लास्टिक उचकटलं तर कडेनं चिकटवलेली तांब्याची पातळ पट्टी किंवा वेटोळं दिसतं आणि ते एका छोट्या स्प्रिंगनं सर्किटला टेकलेलं असतं. जोडीला एक बारीक गुंडाळी लावून चिपला त्या आखूड तारेशी जुळवून घेतलेलं असतं.

ही तार लांब वायरीइतकं पकडत नाही. वाटीची गोष्ट इथंही लागू. शहरात, मनोऱ्याच्या टप्प्यात ती छान चालते. आडगावात त्याच कीपॅड फोनला हेडफोन लावला की फरक लगेच कळतो.

तरीही तिथं हे जमतं आणि महागड्या स्मार्टफोनमध्ये जमत नाही, याची कारणं आहेत. कीपॅड फोनची पाठ प्लास्टिकची, लहर आत शिरते. आत गर्दी कमी. स्मार्टफोनमध्ये फोर-जी, फाइव्ह-जी, वायफाय, जीपीएस, प्रत्येकाच्या अँटेना कडा अडवून बसलेल्या, चौकट धातूची, आणि मोठा स्क्रीन व वेगवान प्रोसेसर आतल्या आतच एवढा गोंगाट करतात की आखूड तारेवरची क्षीण लहर त्यात बुडून जाते. वायर फोनच्या बाहेर लोंबते म्हणून ती या गोंगाटापासून थोडी लांब राहते, हाही तिचा एक फायदा.

डोंगराआड काय होतं?

एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. सपाट मुलखात १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून ती हातातल्या फोनपर्यंत साधारण ४५ किलोमीटर पोचावी असा हिशेब आहे. मिरजेकडच्या, तासगावकडच्या सपाटीला हा हिशेब बराच लागू पडतो. साताऱ्याला नाही. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा उगाच नाही उभा केला. शहराभोवती डोंगर असले की उंची गाठावीच लागते. आणि तरी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पलीकडं बामणोलीच्या बाजूला उतरलात की मधे अख्खी डोंगररांग येते. तिथं वायर कितीही चांगली असो, खोऱ्यात उभं राहून लांबचं केंद्र लागेल याची खात्री नाही. त्याउलट महाबळेश्वरच्या पठारावर, साडेतेराशे मीटरच्या आसपास, शोधत गेलात तर दूरदूरची केंद्रं सापडतात.

माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर. ती सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेनं आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. अशा केंद्राला सहसा १०० वॉटपर्यंतच ताकद वापरायची परवानगी असते, त्यामुळं ते ऐकू येतं साधारण पाच-दहा किलोमीटरच्या परिघात. तिथं पाण्याची, जनावरांच्या छावणीची, बचतगटाची बोली भाषेतली माहिती मिळते. अशा केंद्रासाठी फोनला वायर लावलीच पाहिजे. वीस किलोमीटरवर बसून ‘लागत नाही’ म्हणण्यात मात्र अर्थ नाही.

नेटवर सगळं मिळतं, मग हा खटाटोप कशाला?

रोजच्या दिवशी नेट पुरतं, हे मान्य. संकटाच्या दिवशीचा हिशेब वेगळा होतो.

मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ता लागतो. पुरात वीज खबरदारी म्हणून बंद करतात आणि रस्ते पाण्याखाली जातात. जे टॉवर चालू राहतात त्यांच्यावर सगळ्या गावाचे फोन एकदम तुटून पडतात. रेडिओत असं होत नाही. एका मनोऱ्यावरून निघालेली लहर शंभर जणांनी ऐकली काय आणि एक लाख जणांनी ऐकली काय, तिला फरक पडत नाही. तुमच्या गावातला टॉवर बुडाला तरी तीस किलोमीटरवरचा कोरडा मनोरा बोलत राहतो.

२०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक कर्कश वाजले होते आणि स्क्रीनवर आपत्कालीन इशाऱ्याचा चाचणी संदेश आला होता. ती सोय चांगलीच आहे, पण तो इशाराही टॉवरवरूनच येतो, आणि त्यात थोडकाच मजकूर मावतो. कोयनेतून किती पाणी सोडलं, कोणता पूल बंद झाला, निवारा कुठं उघडला, हे सांगायला बोलणारं माणूस लागतं.

बॅटरीचाही प्रश्न आहे. एफएमची चिप फक्त ऐकते, टॉवरला उलट काही पाठवत नाही. त्यामुळं नेटवर केंद्र ऐकण्यापेक्षा ती कितीतरी कमी वीज खाते. स्क्रीन बंद करून ऐकलं तर एका चार्जिंगवर फोन लांब पल्ला गाठतो. सिम नसलेला जुना फोनही चालतो. काही फोनवर विमान मोडमध्येही रेडिओ सुरू राहतो, तेव्हा तर बॅटरी आणखी वाचते. फक्त ऐकणाऱ्या या चिपमुळं कानाला किंवा डोक्याला किरणोत्सर्गाचा त्रास होतो, ही भीतीही निराधार आहे.

आयफोनवाल्यांनी काय करायचं?

वेगळा रेडिओ घ्यायचा. २०१७ मध्ये अमेरिकेत चक्रीवादळांनंतर तिथल्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी अॅपलला एफएम सुरू करायचं आवाहन केलं होतं. त्यावर कंपनीनं सांगितलं की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि तिच्यासाठीची अँटेनाही नाही. जे आतच नाही ते कुठल्या अपडेटनं येणार नाही.

अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्ये मात्र स्थिती उलटी आहे. वायफाय आणि ब्लूटूथसाठी जी चिप बसवतात तिच्यातच पुष्कळदा एफएमचा भाग तयार येतो. कंपनी तो जोडत नाही किंवा बंद ठेवते. गोल भोकाचा थोडा खर्च आणि थोडी जागा वाचवण्यासाठी पूरग्रस्त जिल्ह्यातल्या माणसाच्या हातून हे साधन काढून घेणं मला पटत नाही. सूचनापत्रावर न थांबता सरकारनं याचा नियम करायला हवा, आणि अँटेना आत बसवलेल्या फोनची मागणी आपण ग्राहकांनीही दुकानात बोलून दाखवायला हवी.

तोवर या आठवड्यात एक काम करा. घरातला जुना हेडफोन शोधा, फोनला लावा, स्पीकर सुरू करा आणि सगळा पट्टा एकदा आपोआप शोधायला लावा. सेटिंगमध्ये देश किंवा विभाग विचारला तर भारत निवडा. जपानचा पट्टा निवडला गेला असेल तर तो ९०-९५ च्या आसपासच संपतो आणि आपली बरीचशी केंद्रं त्यात येत नाहीत. जी केंद्रं लागतील त्यांचे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद हेडफोनच्या वायरीसोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेणबत्ती-काडेपेटीच्या डब्यात ठेवा. घरात कीपॅडचा फोन असेल तर त्यावरही हेच करून बघा, आणि आई-वडिलांना एकदा त्यांच्या हातानं लावायला सांगा.